धार आणि गंज : बाणाच्या पात्यासाठी कोणते पोलाद?



धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या अमेरिकेतील लोकांत एक वाद कित्येक दशके चालू आहे. बाणाच्या टोकाला जे रुंद, धारदार पाते बसवितात ते साध्या कार्बन पोलादाचे असावे की स्टेनलेस स्टीलचे? एक पक्ष म्हणतो, कार्बन पोलादासारखी धार दुसऱ्या कशालाही येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, एका पावसात गंजून जाणारी धार काय कामाची?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीला बंदी घातलेली आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा हा वाद आपल्या काय कामाचा, असे कोणास वाटेल. पण हाच वाद आपल्या स्वयंपाकघरात रोज होत असतो. लोखंडी विळीने कैरी चिरली की पाते काळे पडते आणि ओले राहिले की दुसऱ्या दिवशी तांबडे होते. तरीही जुन्या बायका तीच विळी हवी म्हणतात. स्टीलची सुरी वर्षानुवर्षे चकचकीत राहते, पण पिकलेला टोमॅटो तिच्याखाली चिरडतो. प्रश्न एकच आहे : धार हवी की गंजापासून सुटका हवी, आणि दोन्ही हवी असतील तर त्याची किंमत काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला हजार वर्षांहून अधिक काळ लागला. त्या इतिहासात बगदादचा तत्त्वज्ञ आहे, तेलंगणातील खेड्याच्या भट्ट्या आहेत, लंडनचा एक बुकबाइंडर आहे आणि शेफिल्डच्या कारखान्यात बालपण घालविलेला एक मुलगा आहे. या सर्वांच्या कथेत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते. ज्याच्या हाताला काम ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती लेखणी आहे, अशी दोन माणसे एकत्र बसली तेव्हा पोलादाचे ज्ञान पुढे गेले. ती एकमेकांपासून दूर राहिली तेव्हा ज्ञान लोपले. ही गोष्ट आपल्या मुलांच्या शिक्षणाशी निगडित असल्यामुळे हा विषय या स्मरणिकेसाठी निवडला आहे.

पात्याचे काम

प्रथम बाणाचे पाते काय काम करते ते पाहू. बंदुकीची गोळी जोराच्या आघाताने प्राणी मारते. बाणाला तेवढा वेग नसतो. तो रक्तवाहिन्या कापतो आणि रक्तस्रावाने प्राण्याचा अंत होतो. म्हणून बाणाचे सारे सामर्थ्य त्याच्या धारेत असते. धार तीक्ष्ण असेल तर रक्तवाहिनी स्वच्छ कापली जाते आणि जनावर थोड्याच वेळात खाली पडते. धार बोथट असेल तर लवचिक रक्तवाहिन्या पात्याच्या पुढून बाजूला सरकतात, जखम फाटल्यासारखी होते आणि जनावर जखमी अवस्थेत दूर पळून जाऊन तासन्‌तास तडफडते. तात्पर्य, येथे धारेचा प्रश्न हा दयेचा प्रश्न आहे.

आपणांस ही गोष्ट नवी वाटू नये. जिबह करताना सुरीला नीट धार लावावी, जनावराला यातना होऊ देऊ नयेत, ही हदीसमधील ताकीद आपल्या घरोघरी ठाऊक आहे. बाणाने केलेल्या शिकारीच्या बाबतीतही, बाण आपल्या धारेने आत शिरला की केवळ आडव्या अंगाने आदळला, हा भेद फिकहच्या ग्रंथांनी बारकाईने केलेला आहे.

पात्याकडून आणखी दोन अपेक्षा असतात. वाटेत हाड लागले तर त्याची कड तुटू नये आणि वळूही नये. फार कठीण धातू ठिसूळ असतो, त्याची कड कपच्यासारखी उडते. फार मऊ धातूची कड दुमडते. कठीणपणा आणि चिवटपणा ही परस्परविरोधी मागणी एकाच पात्याकडून करावयाची, आणि ते पाते ओलाव्यात, घामात, रक्तात टिकले पाहिजे असेही म्हणावयाचे. पोलादाचा इतिहास म्हणजे या तीन मागण्यांमधील तडजोडींचा इतिहास होय.

नरम लोखंड आणि फौलाद

मराठीतील 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'पुलाद', अरबीत 'फौलाद'. शब्दाबरोबर त्याचे शास्त्रही त्या भाषांत लिहिले गेले होते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. गणित, तत्त्वज्ञान, संगीत, वैद्यक अशा अनेक विषयांवर त्याने लिहिले. खलिफा मुअतसिम याच्यासाठी त्याने तलवारींच्या प्रकारांवर एक प्रबंध लिहिला. मुअतसिमची कारकीर्द ८३३ ते ८४२ अशी आहे. या प्रबंधात अल-किंदीने लोखंडाचे वर्ग पाडले. जे लोखंड स्वभावतःच कठीण असते त्यास तो 'शाबुर्कान' म्हणतो आणि जे मऊ असते त्यास 'नरमाहन'. फारसीत 'आहन' म्हणजे लोखंड. 'नरम' हा शब्द तर आपण रोज वापरतो. या दोहोंहून वेगळे, जे खाणीतून तसेच मिळत नाही, मनुष्य जे शुद्ध करून तयार करतो, ते फौलाद.

तलवारींचा अभ्यास करणारा हा तत्त्वज्ञ लोहार नव्हता. परंतु यमनच्या, हिंदच्या आणि सरनदीबच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, तलवारी कशा ओळखाव्यात याची जी बारीकसारीक माहिती त्याने दिली आहे ती कारागीर आणि व्यापारी यांना विचारल्यावाचून मिळणारी नव्हे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी अल-बिरुनीने रत्ने आणि धातू यांवर 'किताब अल-जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. त्यात लोखंडाचे स्वतंत्र प्रकरण आहे. दमास्कसच्या एका लोहाराने तलवारींवर पुस्तक लिहिले होते. बिरुनीने त्यातील पोलाद बनविण्याची कृती आपल्या ग्रंथात उतरून घेतली. मुशीत नरमाहन घालावयाचे आणि त्यात इतर पदार्थांबरोबर हिरडा व डाळिंबाची साल टाकावयाची, असे ती कृती सांगते. वाचून हसू येईल. पण आज आपणांस ठाऊक आहे की वनस्पतीचा कोणताही भाग बंद मुशीत तापविला की त्याचा कोळसा होतो, म्हणजेच कार्बन मिळतो, आणि तो वितळत्या लोखंडात मिसळतो. लोखंडाच्या शंभर भागांत अर्धा ते दीड भाग कार्बन गेला की नरम लोखंडाचे कठीण पोलाद होते. सव्वादोन भागांच्या वर गेला की ते ठिसूळ ओतीव लोखंड होते. कृती अचूक होती. कारण मात्र कोणास माहीत नव्हते.

पोलादाचा दुसरा गुण असा की लालबुंद तापवून ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविले तर अतिशय कठीण होते आणि नंतर बेताने पुन्हा तापविले तर चिवटपणा परत मिळतो. आपले लोहार यालाच हत्याराला 'पाणी देणे' म्हणतात. नरम लोखंडाला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. सारा खेळ त्या शंभरातील एका भागाचा आहे.

कोनासमुद्रमच्या मुशी

बगदाद आणि दमास्कसच्या कारागिरांपर्यंत पोहोचणारे उत्तम पोलाद बरेचसे दक्षिण हिंदुस्थानातून आणि श्रीलंकेतून जात असे. युरोपीय लोक त्याला 'वूट्झ' म्हणू लागले. कन्नड 'उक्कु' या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असे मानतात. तेलंगणातील निजामाबाद भागातील कोनासमुद्रम हे गाव या पोलादासाठी विशेष प्रसिद्ध होते. हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने तेथील भट्ट्यांचे वर्णन लिहून ठेवले, ते त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाले. त्या वर्णनात इस्फहानहून पोलाद खरेदीसाठी आलेला एक इराणी व्यापारीही आहे. विचार करा, इस्फहानचा माणूस समुद्र ओलांडून तेलंगणातील एका खेड्यात येऊन राहतो, कशासाठी? लाडवाएवढ्या पोलादाच्या गोळ्यांसाठी!

दक्षिणेतील अशा भट्ट्यांत लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालीत. त्यांच्यासोबत तरवडाचे वाळलेले लाकूड आणि रुईची हिरवी पाने टाकीत. तोंड मातीने बंद करून कोळशाच्या भट्टीत भाते चालवून मुशी तापवीत आणि सावकाश थंड करीत. मूस फोडली की आत पोलादाचा गोळा मिळे. हिरडा आणि डाळिंबाची साल यांच्या जागी तरवड आणि रुई, एवढाच काय तो फरक. हेच पोलाद घडवून आणि घासून तयार झालेल्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. ती नक्षी जगभर 'दमास्कस' या नावाने ओळखली गेली.

या कामाचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. हत्यारे घासून त्यांना चकाकी आणि धार आणणारे शिकलगार येथे पिढ्यान्‌पिढ्या राहात आले. अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी आणणे. त्यावरून फारसीत 'सैकलगर' आणि आपल्याकडे 'शिकलगार'. हे आडनाव धारण करणारी मुले आज आपल्या शाळांतून शिकतात. त्यांनी आपल्या आडनावाचा हा अर्थ जाणून घ्यावा.

पण कोनासमुद्रमच्या भट्ट्या विझल्या. परदेशातून स्वस्त पोलाद येऊ लागले, जंगलावरील निर्बंधांमुळे कोळसा दुर्मीळ झाला, तलवारींना गिऱ्हाईक राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाबरोबर हा धंदाही संपत गेला. ज्यांच्या हाताला ही विद्या होती त्यांनी ती लिहून ठेवली नव्हती, कारण त्यांना कोणी लिहिण्यास शिकविले नव्हते. आज आपण जे जाणतो ते परक्या प्रवाशांनी उभ्याउभ्या पाहून लिहिले तेवढेच. बाप मुलाला दाखवी, मुलगा नातवाला दाखवी. एक पिढी दुसऱ्या कामाला लागली आणि साखळी तुटली.

न गंजणारा स्तंभ, पण धार नाही

येथे कोणी विचारील, दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभ सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे, तो तर गंजला नाही. मग न गंजणारे लोखंड आपल्याला पूर्वीच साधले नव्हते काय? साधले होते. सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून जड असा हा स्तंभ गुप्तकालीन आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर बसला आहे, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. परंतु हे लोखंड नरम आहे, त्यात कार्बन कमी आहे, आणि फॉस्फरस लोखंडाला ठिसूळही करतो. त्याची सुरी केली तर तिला धार टिकणार नाही. म्हणजे एकीकडे न गंजणारे परंतु न कापणारे लोखंड, दुसरीकडे उत्तम कापणारे परंतु गंजणारे पोलाद. या दोहोंचा मिलाफ कसा व्हावा?

लोहाराच्या मुलाचे प्रयोग

आता आपण लंडनला जाऊ, कारण हिंदुस्थानचे पोलाद तेथेही पोहोचले होते. जेम्स स्टोडार्ट नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारे आणि सुऱ्या बनविणारा एक कारागीर तेथे होता. वूट्झची धार त्याने अनुभवली होती आणि तिचे रहस्य त्याला हवे होते. त्याला साथीदार मिळाला तो मायकेल फॅरेडे.

विजेच्या शोधांमुळे फॅरेडेचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकांत वाचलेच असेल. तो १७९१ साली एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीसाचे काम मिळाले. १८१९ साली त्याने हिंदी पोलादाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात त्याने वूट्झच्या गुणांचे श्रेय ॲल्युमिनियमला दिले, ते पुढे चूक ठरले. पण त्या चुकीतून एक मोठा विचार निघाला : पोलादात दुसरा धातू मिसळून त्याचे गुण बदलता येतील काय?

फॅरेडे आणि स्टोडार्ट यांनी चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे अनेक धातू पोलादात मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात क्रोमियमही होते. हा धातू फ्रान्सच्या वोक्लॅं याने १७९७ साली शोधला होता. फॅरेडेने शंभरात एक भाग आणि तीन भाग क्रोमियम घालून पाहिले आणि तो तेथेच थांबला. आज आपण जाणतो की गंज रोखण्यासाठी साडेदहा भागांहून अधिक क्रोमियम लागते. दार समोर होते, पण ते उघडले नाही. १८२३ साली स्टोडार्ट वारला आणि पुढे फॅरेडे विजेकडे वळला. त्याने जपून ठेवलेल्या पोलादाच्या ७९ नमुन्यांची तपासणी रॉबर्ट हॅडफील्डने शंभर वर्षांनंतर केली आणि १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

फ्रान्समध्ये पिएर बर्तिए याने १८२१ सालीच दाखविले होते की भरपूर क्रोमियम असलेले लोखंड आम्लांना दाद देत नाही, आणि सुऱ्यांसाठी ते उपयोगी पडेल असेही सुचविले होते. परंतु त्या काळच्या भट्टीत क्रोमियमबरोबर कार्बनही मोठ्या प्रमाणात येई आणि धातू ठिसूळ होई. कार्बनविरहित क्रोमियम मिळविण्याची रीत १८९० च्या दशकात जर्मनीत सापडली, तेव्हा हा अडसर दूर झाला. शोध लागण्यास केवळ कल्पना पुरत नाही, साधनेही लागतात.

न कापणारी सुरी

शेफिल्ड हे इंग्लंडमधील सुऱ्या-कात्र्यांचे शहर. हॅरी ब्रिअर्लीचा जन्म तेथे १८७१ साली झाला. बाप पोलाद वितळविण्याच्या भट्टीवर कामगार. मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात लागला, प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता रसायनशास्त्र शिकला आणि पुढे एका संशोधनशाळेचा प्रमुख झाला. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधण्याचे काम त्याला मिळाले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने जे पोलाद ओतले त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावावे लागते. या नमुन्यावर आम्लाचा परिणाम होईना. ब्रिअर्लीला बंदुकीपेक्षा जेवणाच्या टेबलावरील सुरीची आठवण झाली. त्या काळी व्हिनेगर आणि फळांच्या रसाने सुऱ्या काळ्या पडत आणि रोज घासाव्या लागत.

(याच सुमारास, १९१२ साली, जर्मनीतील क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घातलेले दुसऱ्या जातीचे न गंजणारे पोलाद तयार झाले होते. आपल्या ताटवाट्या त्या जातीच्या आहेत.)

सुऱ्या बनविणाऱ्यांनी प्रथम हे नवे पोलाद नाकारले. नेहमीच्या रीतीने त्याला पाणी दिले तर काम बिघडे, हत्यारे झिजत. 'न कापणारी सुरी' अशी थट्टा झाली. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी-कारखान्याच्या व्यवस्थापकाने मात्र चिकाटी धरली. या पोलादाला साध्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, तापवून मगच थंड करावे लागते, हे ब्रिअर्लीच्या साह्याने उमगले आणि सुऱ्या कापू लागल्या. 'स्टेनलेस', म्हणजे डाग न पडणारे, हे नाव स्टुअर्टनेच दिले. प्रयोगशाळा आणि कारखाना येथे पुन्हा एकत्र आले होते.

स्टेनलेसचे रहस्य साधे आहे. क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक पारदर्शक थर बसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखांव्या भागांत मोजावी लागते. ओरखडा पडला तरी तो थर लगेच पुन्हा तयार होतो. मात्र मीठ त्याचे वैरी आहे. खाऱ्या पाण्यात फार काळ राहिल्यास स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

इशी आणि डॉक्टर पोप

आता बाणाकडे परत येऊ. बंदुकीमुळे अमेरिकेत धनुष्यबाण मागे पडला होता. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी यही जमातीचा अखेरचा मनुष्य एकटा, उपाशी अवस्थेत सापडला. त्याच्या जमातीचा गोऱ्या वसाहतवाल्यांनी संहार केला होता. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवण्यात आले. 'इशी', म्हणजे माणूस, या नावाने तो ओळखला जाऊ लागला. शेजारच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉक्टर सॅक्स्टन पोप हा त्याचा मित्र आणि शिष्य झाला. इशी ज्वालामुखीच्या काचेपासून आणि बाटलीच्या काचेपासूनही बाणाची सुंदर टोके घडवी. पोपने प्रयोग केले तेव्हा या काचेच्या टोकाचा बाण पोलादी टोकाच्या बाणापेक्षा अधिक खोल गेला. कारण उघड होते : फोडलेल्या काचेच्या कडेइतकी सूक्ष्म कड पोलादाला येत नाही. पण हाडावर काच फुटते, म्हणून मोठ्या शिकारीसाठी पोपने पोलादी पाती स्वतः तयार केली. इशी १९१६ साली क्षयाने वारला. पोपने त्याची विद्या १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे पुनरुज्जीवन झाले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने त्यासाठी वेगळा मोसम ठरवून दिला.

कोनासमुद्रमच्या कारागिराला असा शिष्य लाभला नाही, एवढाच फरक.

आरंभीची पाती सर्व कार्बन पोलादाची होती आणि ती मुद्दाम कानशीपेक्षा मऊ ठेवीत, म्हणजे जंगलात बसून साध्या कानशीने धार लावता येई. १९५० च्या दशकात फ्रेड बेअरने जाड मुख्य पात्यात दाढीच्या ब्लेडसारखे पातळ जोडपाते बसविण्याची पद्धत लोकप्रिय केली. पुढच्या दशकाच्या आरंभी दाढीची ब्लेडे स्वतःच कार्बन पोलाद सोडून स्टेनलेसकडे वळली, आणि १९७० नंतर बाणांतही पातळ, बदलता येणाऱ्या ब्लेडांची पाती आली. तेव्हापासून हा वाद रंगला.

मग कोणते घ्यावे?

दोन्ही पक्षांचे म्हणणे समजून घेऊ. उत्तम कार्बन पोलादात शंभरात सुमारे एक भाग कार्बन असतो. त्यातील कठीण कण अतिशय बारीक असतात, म्हणून कड नाजूक, तीक्ष्ण होते आणि दगडावर लवकर धार येते. त्याला पाणी देण्यासाठी साधी भट्टी पुरते. पण ओलावा लागताच ते गंजते. मुख्य पाते जाड असल्याने तेथला गंज निरुपद्रवी असतो. कडेवरचा गंज डोळ्यांना दिसण्यापूर्वीच धार खातो. म्हणून तेल किंवा व्हॅसलिनचा हात फिरविणे, वापरल्यावर पुसणे, पुन्हा धार लावणे ही कामे न चुकता करावी लागतात.

स्टेनलेसमध्ये कार्बन आणि क्रोमियम यांची एकमेकांशी मैत्री असते. कठीणपणासाठी कार्बन वाढविला की तो क्रोमियमला आपल्याकडे ओढून कण बनवितो. तेवढे क्रोमियम गंजाविरुद्ध उपयोगी पडत नाही. म्हणून एक टक्का कार्बन असलेल्या स्टेनलेसमध्ये सतरा टक्क्यांपर्यंत क्रोमियम घालावे लागते. हे कण मोठे असतात. ते झिजेला विरोध करतात, पण दगडावर धार लावताना त्रास देतात आणि पात्याचा चिवटपणाही कमी करतात. स्वस्त स्टेनलेसमध्ये कार्बन कमी ठेवतात. ते गंजत नाही, पण धारही लवकर जाते.

म्हणून जाणती माणसे असे सांगतात : जाड, एकसंध पाते, जे पुन्हापुन्हा धार लावून वापरावयाचे आहे आणि ज्याला हाडाशी गाठ पडणार आहे, ते कार्बन पोलादाचे घ्यावे. पातळ ब्लेड, जे एकदा वापरून टाकावयाचे आहे, ते स्टेनलेसचे घ्यावे. पावसाळी मुलुखात किंवा समुद्रकाठी, किंवा रोज निगा राखण्याची सवय नसेल तर स्टेनलेस बरे. आणि नावापेक्षा पाणी नीट दिले आहे की नाही हे महत्त्वाचे. बिघडलेले कार्बन पोलाद चांगल्या स्टेनलेसला हरते आणि बिघडलेले स्टेनलेस गावच्या लोहाराच्या कोयत्याला हरते.

घरातील निवड

हाच हिशेब घरी लावा. विळी, अडकित्ता, कोयता, बकरी ईदची सुरी यांना धार हवी आणि ती लावणारा हात घरात असेल तर कार्बन पोलाद उत्तम. वापरताच धुऊन, कोरडे पुसून, तेलाचे बोट फिरवावे. लिंबू-फळे चिरण्याची, ओल्यात पडून राहणारी सुरी स्टेनलेसची असावी. विद्यार्थ्यांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. चांगल्या स्टीलच्या ताटाला लोहचुंबक लावा, तो सहसा चिकटत नाही. स्टीलच्या सुरीला लावा, चिकटतो. दोन्ही 'स्टेनलेस', पण जाती दोन. ताटाच्या पोलादाला पाणी देऊन कठीण करता येत नाही, सुरीच्या पोलादाला येते. क्रुप आणि ब्रिअर्ली यांचा भेद तुमच्या मांडणीवर ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. दमास्कसच्या लहरी हरवल्या त्या हरवल्या असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्होवन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि पेंड्रे हे घोड्यांना नाल ठोकणारे लोहार यांनी मिळून तसे पोलाद पुन्हा तयार केले. त्या लहरींना व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारणीभूत आहे, असे त्यांना आढळले. प्राध्यापकाला घण चालविता येत नव्हता आणि लोहारापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. दोघांनी एकमेकांना गुरू मानले.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात हाताची विद्या आहे : कोणी लोहार आहे, कोणी मेकॅनिक, कोणी विणकर, कोणी तांबट. मुलगा किंवा मुलगी शिकली म्हणजे त्या कामापासून दूर गेली पाहिजे असे समजू नका. शिकलेल्या मुलाला बापाच्या हातातील काम नीट पाहू द्या, त्याचे कारण विचारू द्या आणि ते वहीत उतरवू द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही विचारण्यात कमीपणा मानू नका. अल-किंदीने मानला नाही, फॅरेडेने मानला नाही. कोनासमुद्रमच्या भट्टीपाशी अशी एक वही असती, तर आज पोलादाचा इतिहास निराळा लिहिला गेला असता.